विहिरीच्या तोंडाशी एक जोड

तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, पण तिथला एखादा किस्सा सांग म्हणाल तर मला आठवणार नाही. रिटायर झाले, एका जुन्या विहिरीचं बुकिंग घ्यायला लागले आणि सहा वर्षांत इतके किस्से जमले की नालवाडीच्या आमच्या मंडळात मी तोंड उघडलं की बायका आधी चहाचे कप खाली ठेवतात. मागे एकीची साडी खराब झाली होती, तेव्हापासून.

आधी विहीर सांगते. माझं माहेर सिंदी रेल्वेपासून आठ-नऊ किलोमीटर आत आहे. गावाबाहेर बाभळींच्या आड एक दगडी चौकट दिसते. त्या चौकटीतून आत उतरलं की जमिनीखाली चार मजल्यांची पायविहीर. पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी खोल्या, तिसऱ्या मजल्यावर एका भुयाराचं तोंड आणि सगळ्यात खाली पाणी. भोसल्यांच्या काळातली आहे म्हणतात. आमच्या लहानपणी ती गाळानं गच्च भरलेली होती. आम्ही तिच्या डोक्यावर लगोरी खेळायचो.

ती उपसली गुणवंतभाऊंनी. आमच्या शेजारच्या घरातले, कपाशीचे शेतकरी. पहिला उन्हाळा एकट्यानं टोपली घेऊन उतरले, दुसऱ्या उन्हाळ्यात गावातले चार-पाच जण आले, तिसऱ्यात अर्धं गाव. पंचायतीनं मग लोखंडी दार बसवलं आणि किल्ली त्यांच्याच हातात दिली. अट एकच. दर वर्षी तपासणी होईल, आणि एकाही माणसाला खाली काही झालं तर दाराला वेल्डिंग. गुणवंतभाऊंनी ती किल्ली करदोट्याला बांधली. आंघोळीलाही काढत नाहीत.

त्यांची पद्धतही सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पायऱ्या निसरड्या, म्हणून प्रत्येकानं चपला वर काढायच्या. ते स्वतः अनवाणीच असतात. ते सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावतात, मोजतात, मग दार उघडतात. वर आल्यावर जोपर्यंत रांग रिकामी होत नाही तोपर्यंत कुलूप नाही. "डोक्स्यायचं काही खरं नाई ताई. डोक्से हालतात. जोड जागचा हालत नाई," हे त्यांचं म्हणणं.

गाईड ते, स्टेशनवरून माणसं आणणारा ऑटोवाला शेंडे, आणि फोन माझा. एवढीच आमची कंपनी.

*

फोनवर लोक काय विचारतील याचा नेम नाही.

एका मुलीनं विचारलं, खाली रेंज येते का? मी म्हटलं, नाही येत. ती म्हणाली, "मग आम्ही खाली आहोत हे लोकांना कसं कळणार?"

एका गृहस्थांना सूर्योदय बघायचा होता. जमिनीखाली. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही पवनारला नदीवर जा, तिथे सूर्य वर असतो.

पण सगळ्यात कमाल केली ती पुण्याच्या एका तरुणानं. त्याला प्रायव्हेट टूर हवी होती. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्या प्रायव्हेटच असतात, एका वेळी एकच ग्रुप. तर म्हणाला, "तसं नाही मॅडम, पूर्ण प्रायव्हेट. मी आणि माझी मैत्रीण. गाईडसुद्धा नको."

"मग कुलूप कोण उघडेल?"

"किल्ली कुरिअर करा ना."

मी त्याला किमान चार माणसांचा नियम सांगितला. हा नियम मीच केला होता, शाळेच्या ऑफिसात राहून अंगाला लागलेली सवय. शेवटी दोघं आणि सोबत तिचे भाऊ-वहिनी असे चार जण आले. गुणवंतभाऊंना मी बजावून ठेवलं होतं, दुसऱ्या मजल्यावर त्या दोघांना पाच मिनिटं एकटं सोडा. त्यांनी भाऊ-वहिनीला वर पाठवलं आणि स्वतः वरच्या टप्प्यावर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर आले ते थेट मला फोन.

"ताई, पोरगी हो म्हणाली."

"तुम्ही ऐकलंत?"

"मी पाठ केलती ना तिकडं. पण कान कुठी नेऊ?"

खरंच आहे. त्या विहिरीत तळाशी कुणी पुटपुटलं तरी चौकटीपाशी उभ्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. पुढं कामाला आलं हे.

*

विदर्भातलं कुठलंही भुयार थेट एखाद्या किल्ल्यापर्यंत जातं. आमचंच तेवढं जात नाही. "हे कुठपर्यंत जातं?" असं कुणी विचारलं की गुणवंतभाऊ सांगतात, "वीस फुटापर्यंत." पुढं छत बसलंय. मी त्यांना कितीदा म्हटलं, थोडं गूढ ठेवत जा हो, लोक लांबून येतात. ते म्हणतात, "लांबून येते म्हणून तं खरं सांगतो."

नागपूरचे एक रिटायर्ड इंजिनिअर आले. त्यांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, दगडाची ठेवण पाहता हे भुयार पार पवनारपर्यंत गेलेलं असलं पाहिजे. सोबतच्या तिघांना समजावत समजावत, गुणवंतभाऊ मागे वळून दुसऱ्याला हात देत होते तेवढ्यात, ते टॉर्च घेऊन आत सरकले आणि कमरेपाशी अडकले.

वर रांगेत चार जोड. गुणवंतभाऊंच्या डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणग्या. ओढावं तर माणूस खरचटेल, आणि खरचटलं तरी ते "झालं" यातच मोडणार. त्यांनी पाय धरून ठेवले आणि सांगितलं, "साहेब, श्वास सोडा अन् बोलू नका."

साहेब श्वास सोडत, अर्धी वीत मागे येत, आणि लगेच म्हणत, "पण याचा उतार बघा, हा नक्की..." की पोट फुगून पुन्हा जाम. असं चार वेळा झालं. शेवटी त्यांच्या सौभाग्यवती मागून म्हणाल्या, "अहो, पवनारपर्यंत जातं. मी मान्य करते. आता गप्प बसा."

ते गप्प बसले आणि सुटले. एक ओरखडा नाही. कपडे झटकून सगळ्यांसमोर गुणवंतभाऊंना म्हणाले, "तुमची माहिती चुकीची आहे. वीस फूट नाही. अकरा आहे."

*

शेंडेचा स्वभाव चांगला आहे, विचारायची सवय तेवढी नाही. मी त्याला सांगितलं होतं, अकराच्या गाडीनं चार जण येतील, त्यातल्या एकाच्या डोक्यावर टोपी असेल. त्यानं स्टेशनवर चार जण पाहिले, एकाला टोपी होती, बसवले ऑटोत. आमच्या गावाचंच नाव त्यांनी सांगितल्यावर तर प्रश्नच मिटला.

गुणवंतभाऊंनी त्यांच्या चपला रांगेत लावल्या, चौघांना खाली नेलं, चाळीस मिनिटं माहिती दिली. चौघं नवे कपडे घालून, हातात भेटवस्तूचा डबा धरून, निमूटपणे सगळं ऐकत होते. पाण्यापाशी पोचल्यावर टोपीवाल्या काकांनी हळूच विचारलं, "ते सारं ठीक आहे भाऊ, पण नवरदेव कुठी आहे?"

ते गावातल्या लग्नाला आलेले पाहुणे होते.

मग माझे चार जण कुठे गेले? मी घामाघूम. माणसं हरवली म्हणजे पुन्हा तीच किल्ली धोक्यात. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. स्टेशनवरून दुसऱ्या ऑटोनं ते गावात आले होते, मांडवात कुणीतरी हाताला धरून बसवलं होतं.

"मॅडम, तुम्ही सांगितलं नव्हतं टूरमध्ये जेवण आहे. वांग्याची भाजी अप्रतिम. विहीर किती वाजता?"

*

एकदा एका शाळेचे बत्तीस शिक्षक आले. वर आले, सगळ्यांनी चपला घातल्या, मुख्याध्यापकांनी डोकी मोजली, बत्तीस. पण रांगेत एकच चप्पल उरली होती. जोड नाही, नुसती एक, उजव्या पायाची.

गुणवंतभाऊ दाराला कुलूप लावायला तयार नाहीत. मुख्याध्यापक वैतागले. "अहो, आमच्यात एका पायाचं कोणीच नव्हतं."

"अर्धा काय, पाव माणूस राह्यला तरी पाहा लागते सर," असं म्हणून भाऊ चारही मजले उतरून, प्रत्येक खोलीत टॉर्च मारून आले. वर येऊन पाहतात तर आमच्या गावातली लाल कुत्री डाव्या पायाची चप्पल तोंडात धरून उभी. तिनं ती पहिलीच्या शेजारी नीट आणून ठेवली. दोन्ही चपला शेंडेच्या होत्या. तो ऑटोत पाय वर घेऊन झोपला होता.

मुख्याध्यापक जाताना मला म्हणाले, "या माणसाला आमच्या सहलीसोबत कायमचा पाठवा." मला फार बरं वाटलं. आपल्या माणसाला कुणी असं ओळखलं की वाटतंच.

*

याच सुमारास एका नागपूरच्या नंबरवरून मेसेज आला. "एका व्यक्तीसाठी टूर हवी. नाव शकुंतला."

मी नियम कळवला, किमान चार. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच मेसेज. मी पुन्हा नियम कळवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझी जरा सटकलीच. मी लिहिलं, "एका माणसाची टूर होत नाही. कृपया पुन्हा विचारू नये." शाळेत अर्ज परत पाठवताना लिहायचे तसंच.

त्याच आठवड्यात माहेरी गेले होते. गुणवंतभाऊंच्या घरी चहा झाला. चहा देताना वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, सहज विचारलं, "ताई, एकट्या बाईले दाखवत नाई काय विहीर?" मी म्हटलं, नियम आहे ना वहिनी. त्या म्हणाल्या, हो, नियम असन तं काय. मी विषय बदलला. म्हटलं, तुमच्या घरी रात्रंदिवस विहिरीच्याच गप्पा असतील.

"कायच्या गप्पा?" त्या म्हणाल्या. "जेवाले वाढ अन् चाललो. तीन उन्हाळे डबा नेऊन दिला तोंडापर्यंत. टोपली वर आली का डबा खाली जाये. खाली काय निंघालं, ते मले गावातल्या बायकायनं सांगितलं."

मी हसले. त्याही हसल्या. चहात साखर थोडी जास्त होती, एवढंच मी तेव्हा लक्षात ठेवलं.

*

आता यंदाच्या तपासणीचं. संक्रांतीच्या आधीची गोष्ट.

तालुक्याहून एक साहेब आले, हातात रजिस्टर. ते म्हणाले, मला कागद बघायचे नाहीत, तुम्ही टूर कशी करता ते बघायचं आहे. त्या दिवशी वर्ध्याच्या, रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या एका ग्रुपचे आठ जण होते. साहेब धरून नऊ. नऊ जोड रांगेत लागले, साहेबांच्या बुटात मोजे नीट घडी करून. मी मुद्दाम गेले होते, पण गुडघ्यांमुळे वरच थांबले. मग शेंडे नाश्त्याचे पुडे घेऊन रस्त्यापाशी आला, ते उतरवायला गेले. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

टूर उत्तम झाली. सगळे खूश होऊन वर आले. एकेकानं चपला घातल्या, साहेबांनी बुटांच्या नाड्या बांधल्या. आणि रांगेत एक जोड उरला.

बायकी चपला. जांभळा पट्टा, टाचेपाशी तारेचा टाका.

"हे कोणाचे?" साहेबांनी विचारलं.

कुणाचेच नव्हते. ग्रुपमधल्या तिन्ही बायकांच्या पायात आपापल्या चपला होत्या. मी लाल कुत्रीकडे पाहिलं, ती उन्हात झोपलेली.

गुणवंतभाऊंचा चेहरा मी साठ वर्षं पाहते आहे. तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी करदोट्याची गाठ सोडली. किल्ली साहेबांच्या रजिस्टरवर ठेवली.

"साहेब, मी नऊच मोजले होते. हा दहावा जोड मायाच्यानं सुटला. खाली पाणी आहे. मी पाहून येतो. काही बरंवाईट झालं असन तं ही मले परत देऊ नका."

आणि उतरले. आम्ही सगळे चौकटीपाशी. पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "कोणी आहे काय?" मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी आवाज थोडा पातळ होत गेला. सहा वर्षं, तीन उन्हाळ्यांचा गाळ, सगळं त्या दोन चपलांवर येऊन थांबलं होतं. आणि कुणाची तरी बाई खाली होती.

मग तळातून एक बाईचा आवाज आला, अगदी शांत.

"आहो ना. ओरडून काऊन राह्यले?"

मी तिथेच बसले. असं हुश्श आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"तू?" गुणवंतभाऊ.

"मी."

"अठी कायले आली?"

"विहीर पाह्याले. सारी दुनिया येते. तुमी त्यायले भुयार दाखवत होते, मी मागून उतरली. वरच्या खोलीत थांबली, तुमी सारे वर गेले मंग अठी आली."

"घरी सांगाचं नाई?"

"बुकिंग केलतं. तीन खेपा. नंदाच्या मोबाईलवरून. तुमची सुमनताई म्हणते, एका माणसाची टूर होत नाई."

वरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. नंदा म्हणजे त्यांची नागपूरला दिलेली मुलगी. शेजारच्या घरातल्या, पस्तीस वर्षांपासूनच्या आमच्या वहिनी. त्यांचं नाव शकुंतला आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी पदरानं उगाच चष्मा पुसत बसले.

खालून पुन्हा आवाज आला. "चपला वर काढल्या मी, नियम आहे म्हणून. ओळखल्या नाई काय?"

आणि उत्तराची वाट न बघताच पुढे,

"साऱ्या दुनियेच्या चपला मोजता. तार तुमीच घातली त्याले, दिवाळीच्या आंधी."

साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"बरं, आता चाल वर," भाऊ म्हणाले. "साहेब उभे आहे."

"नाई. सांगा मले. साऱ्यायले सांगता तसं. पह्यलेपासून."

तेव्हा साहेब चौकटीत वाकले आणि म्हणाले, "आम्ही बसलो आहोत. तुम्ही सांगा." आणि खरंच दगडावर बसले. फिरायला जाणारे आठही जण बसले. मी नाश्त्याचे पुडे वाटले.

गुणवंतभाऊंनी सुरुवात केली. ही विहीर चार मजल्यांची. पहिल्या शब्दांत आवाज अडखळत होता, मग लागला. दोघं एकेक मजला वर चढत गेले, तशी नेहमीची माहिती झाली, खोल्या झाल्या, भुयार अकरा फूट झालं. आणि मग त्यांनी असं सांगितलं जे कुठल्याच ग्रुपला सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात किती दिवस नुसता गाळच निघत होता, आणि सोडून द्यावं असं वाटलेल्या दिवशी दुपारी फावड्याला पहिली पायरी कशी लागली. हातानं पुसून पाहिली तर कोरलेलं कमळ. "तुले सांगाचं म्हणून धावत घरी आलतो. तू सरपण येचाले गेलती. मंग राहूनच गेलं."

"कोणती पायरी?" वहिनींनी विचारलं.

"हे पाह्य. हात लाव."

ग्रुपमधल्या एका बाईंनी पोह्यांचा पुडा तसाच हातात धरून ठेवला होता.

एक तास लागला. वर आले तेव्हा वहिनी पुढे, भाऊ मागे. भाऊंनी वाकून त्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायांसमोर सरळ करून ठेवल्या. रांग रिकामी झाली. त्यांनी दाराकडे बघितलं, पण कुलूप लावायला किल्ली कुठे होती!

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "उतरले दहा, वर आले दहा," असं मोठ्यानं म्हणत लिहिलं. अपघाताच्या रकान्यात "नाही" लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि किल्ली भाऊंच्या हातात ठेवली. पुढच्या वर्षापर्यंत चिंता मिटली.

मग त्यांनी पेन वहिनींपुढे धरलं. टूर झाली की आमच्या पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव आणि अभिप्राय लिहायचा, हा दुसरा नियमही माझाच. वहिनी सातवी शिकलेल्या. दगडावर रजिस्टर ठेवून, एकेक अक्षर जोडत, त्यांनी नाव लिहिलं. शकुंतला. मग अभिप्रायाच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

त्या गेल्यावर मी चष्मा लावून वाचलं.

"विहीर चांगली आहे. हा माणूस इतका बोलतो, हे मला माहीत नव्हते."